उष्णतेचा जमाखर्च: पृथ्वीचं हवामान कशावर ठरतं आणि का बदलतं

प्रश्न असा आहे: पृथ्वीचं हवामान नेमकं कशावर ठरतं? ते आजवर इतक्या वेळा का बदललं? आणि पूर्वीही बदलतच होतं, तर आत्ताच्या बदलाचं खापर माणसावर कशाला? सोबत एक पुणेरी पोटप्रश्नही आहे: पुण्याचं हवामान खरंच बिघडलं, की आपल्याला तसं वाटतंय?

कारणांची नावं बहुतेकांना पाठ असतात. सूर्य, ज्वालामुखी, एल निनो, कार्बन डायऑक्साइड, जंगलतोड. घोळ होतो तो ही सगळी नावं सारख्याच वजनाची म्हणून एका रांगेत मांडल्यामुळे. कुठलंही कारण समोर आलं की त्याला दोन गोष्टी विचारायच्या. तुझ्यामुळे दर चौरस मीटरला किती वॅटचा फरक पडतो? आणि तो पडायला किती काळ लागतो? हे दोन आकडे शेजारी लिहिले की अर्धे वाद तिथेच मिटतात. खालचं सगळं उत्तर याच दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी शब्दांचं बघू. 'आज हवा ढगाळ आहे' म्हणतो ती हवा, आणि 'कोकणचं हवामान दमट' म्हणतो ते हवामान. मराठीत हा भेद आहे, पण बातम्यांमध्ये दोन्हींसाठी 'हवामान' वापरलं जातं आणि गोंधळ वाढतो. शास्त्रात हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी आणि त्या सरासरीभोवतीचा चढउतार. सध्या १९९१ ते २०२० हा संदर्भकाळ धरतात. एका मे महिन्यातल्या उकाड्यावरून किंवा एका कोरड्या जूनवरून हवामानाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कुठल्याच बाजूने.

मूळ हिशेब

पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पत्र्यावर साधारण १,३६१ वॅट पडतात. पृथ्वी गोल आहे आणि कुठल्याही क्षणी तिच्या अर्ध्या भागावर रात्र असते, म्हणून संपूर्ण पृष्ठभागावर सरासरी काढताना याला ४ ने भागायचं: सुमारे ३४० वॅट. यातले जवळपास १०० वॅट ढग, बर्फ, वाळू आणि हवेतले कण परत अवकाशात उडवून देतात. उरतात २४० वॅट. ही जमा. खर्चाची वाट एकच: पृथ्वी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपाने तितकीच उष्णता बाहेर फेकते. जमा आणि खर्च जुळेपर्यंत तापमान वर किंवा खाली सरकत राहतं.

फक्त २४० वॅट बाहेर फेकायला पृष्ठभाग उणे १८ अंश सेल्सिअस असला तरी पुरेल. प्रत्यक्षात पृथ्वीचं सरासरी तापमान अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक हवेतली पाण्याची वाफ, ढग, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांच्यामुळे पडतो. ते जमिनीकडून वर जाणारे अवरक्त किरण शोषतात आणि त्यातले बरेच पुन्हा खाली पाठवतात.

हे पुण्यात थंडीत उघड्या डोळ्यांनी दिसतं. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्रीनंतर सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. उघड्यावर लावलेल्या दुचाकीची सीट दवाने ओली असते, आणि चार पावलांवर झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली लावलेल्या गाडीची कोरडी. दोन्हींभोवतीची हवा तीच, आर्द्रताही तीच. फरक एवढाच, की उघड्यावरची सीट रात्रभर थेट आकाशाकडे उष्णता फेकत राहिली आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड झाली. झाडाखालच्या सीटला फांद्यांनी तिची उष्णता बरीचशी परत दिली. हरितगृह परिणाम म्हणजे हीच परतफेड, फक्त फांद्यांऐवजी वायूंकडून. स्वयंपाकघरात वापरतात तसा अवरक्त थर्मामीटर हाताशी असेल तर निरभ्र रात्री तो सरळ वर धरून पाहा. आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढग आला की त्याच जागी तो झपकन वर चढतो. एक काळजी घ्या: हे उपकरण मुद्दाम अशा तरंगलांबीत पाहतं जिथे हवा जास्तीत जास्त पारदर्शक असते. त्यामुळे त्यावर मुख्यतः वाफ आणि ढग दिसतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा पट्टा १५ मायक्रॉनच्या आसपास, त्याच्या नजरेबाहेर राहतो. या यंत्रावर कार्बन डायऑक्साइड मोजला असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

परावर्तनाचाही असाच घरचा पुरावा आहे. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याआधी आणि जुलैच्या अखेरीस. दोन्ही दिवशी दुपारी सावली नाहीशी होते. म्हणजे किरणांचा कोन सारखा. तरी मेमध्ये कमाल तापमानाची सरासरी ३७ अंशांच्या घरात आणि जुलैत २८च्या आसपास. हे ९ अंश कुठे गेले? ढगांनी ऊन वरच्या वर परतवलं, आणि जे खाली आलं त्यातलं बरंच ओल्या जमिनीतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडलं. 'सूर्य किती तापतो' यापेक्षा 'आलेल्या उष्णतेचं पुढे काय होतं' हा प्रश्न मोठा का, ते इथे कळतं.

एखाद्या गावाचं हवामान ठरतं ते या हिशेबात स्थानिक गोष्टी मिसळून. पुणे १८.५ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, आणि मधे सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा घाटाला धडकून वर चढतो, थंड होतो, पाणी सोडतो. लोणावळ्याला वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून ६५ किलोमीटरवर शिवाजीनगरला साधारण ७०० ते ७५०. पुढे दौंड-बारामतीकडे ५०० च्या आसपास. वारा एकच, पण घाट उतरताना त्याची हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. हीच पर्जन्यछाया. हा तीव्र उतार लक्षात ठेवा, शेवटी आकडे तपासताना तो आडवा येणार आहे.

लाखो-कोटी वर्षांचं चक्र, आणि आपल्या पायाखालचा कातळ

सर्वांत संथ कारणं म्हणजे सूर्याचं वय, खंडांची जागा आणि खडकांची झीज. पृथ्वी जन्मली तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. तरी पाणी द्रवरूपात टिकलं, कारण हवेत हरितगृह वायू कितीतरी जास्त होते. पुढे सूर्य प्रखर होत गेला आणि वायू कमी होत गेले. हा मेळ घालणारी यंत्रणा पुण्यात बसून समजून घ्यायला सर्वांत सोपी आहे, कारण आपण तिच्याच एका प्रचंड भागावर राहतो.

दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. आज झीज होऊनही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. उद्रेकांमधून सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडले. पहिल्याने काही वर्षं थंडावा आणला. दुसऱ्याने हजारो वर्षं ऊब दिली. घाटरस्त्यांच्या कापात काळ्या थरांच्या मधे तांबडा पट्टा दिसतो, भूवैज्ञानिक त्याला रेड बोल म्हणतात. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत वरचा खडक कुजून जी माती झाली, ती नव्या लाव्ह्याखाली भाजली गेली. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या शांत काळाची ती खूण आहे, आणि त्या काळात झीज कशी चालली होती हे तिच्या रासायनिक तपासणीतून कळतं.

आता झिजेकडे. पावसाचं पाणी हवेतला आणि मुख्यतः मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनतं. ते बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात वाहून नेतं. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो याच प्रक्रियेतला. त्यातला बराचसा कार्बन कधीतरी हवेत होता, कातळाने त्याला पकडलं. पाणी तापवल्यावर बायकार्बोनेट फुटतं, अर्धा कार्बन पुन्हा हवेत जातो आणि अर्धा चुना म्हणून चिकटतो. समुद्रात शिंपले आणि सूक्ष्मजीव नेमकं हेच करतात, आणि तो अर्धा भाग चुनखडक होऊन तळाशी जातो. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज वाढते, जास्त कार्बन खडकात जातो, पृथ्वी थंडावते. थंडावली की उलट. हा खरा थर्मोस्टॅट आहे, फक्त त्याला हालचाल करायला लाखो वर्षं लागतात. 'निसर्ग आपोआप सावरून घेईल' हे म्हणणं खोटं नाही, पण त्याचा वेग आपल्या, नातवंडांच्या किंवा शंभर पिढ्यांच्याही उपयोगाचा नाही.

साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा तुकडा आशियाला धडकत होता त्या सुमारास, हवेत कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या आसपास किंवा वर होता. पीपीएम म्हणजे हवेच्या दर १० लाख रेणूंमागे इतके. तेव्हा ध्रुवांवर कायमचा हिमस्तर नव्हता. अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर तयार झाला तो सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, कार्बन उतरल्यावर. हिमालय आणि तिबेटचं पठार उभं राहिलं तसं उत्तरेकडची कोरडी, थंड हवा अडली आणि आजच्यासारख्या मोसमी पावसाला जागा मिळाली.

हिमयुगं आणि सरकणारी संक्रांत

हजारो ते लाख वर्षांच्या पट्ट्यात मुख्य सूत्रधार आहे पृथ्वीची कक्षा. तीन गोष्टी बदलतात. कक्षेचा लंबगोलपणा, साधारण १ लाख आणि ४ लाख वर्षांच्या फेऱ्यांत. अक्षाचा कल, ४१ हजार वर्षांत सुमारे २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान, आज २३.४. आणि तिसरी, अयनचलन, म्हणजे भोवऱ्यासारखं अक्षाचं डुलणं.

तिसरी गोष्ट मराठी घरात कॅलेंडरवर टांगलेली असते. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, पण मकरसंक्रांत येते १४-१५ जानेवारीला. पंचांग ताऱ्यांना धरून चालतं आणि ऋतू सूर्याच्या कलाला. दोघांत साधारण ७० वर्षांत १ दिवसाचा फरक पडतो, आणि सुमारे १,७०० वर्षांत तो २४ दिवसांचा झाला. मृग, आर्द्रा, हस्त ही पावसाची नक्षत्रंही याच हिशेबाने ऋतूंपासून हळूहळू पुढे सरकतायत. 'आजोबांच्या वेळी मृग चुकत नव्हता' या तक्रारीत मात्र याचा वाटा फार तर एका दिवसाचा. बाकीचा फरक पावसाच्या नेहमीच्या लहरीपणाचा असतो.

याचा हवामानाशी संबंध असा: पृथ्वी सध्या जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. जवळच्या टोकाला सुमारे ७ टक्के जास्त ऊन मिळतं. अक्षाचं डुलणं आणि खुद्द कक्षेचं फिरणं मिळून हा योग साधारण २१ हजार वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. म्हणून १० ते ११ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी जून-जुलैत सूर्याजवळ होती, उत्तर गोलार्धातली जमीन उन्हाळ्यात जास्त तापत होती आणि आपला मोसमी पाऊस जोरदार होता. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ, गुहांमधले चुन्याचे लोंब आणि थरच्या वाळवंटातल्या जुन्या तळ्यांचे थर हे तिन्ही साक्षीदार तेच सांगतात. पुढे पाऊस उतरत गेला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या टप्प्याची खूण मेघालयातल्या मॉम्लुह गुहेत सापडली, आणि २०१८ मध्ये भूवैज्ञानिक काळाच्या एका विभागालाच 'मेघालयन' नाव मिळालं. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, ख्रिस्तपूर्व १००० नंतरच्या थरांत स्थिर शेती ओसरून शिकार आणि पशुपालनाकडे वळलेली वस्ती दिसते. उत्खननकर्त्यांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला.

इथे एक नाजूक मुद्दा आहे, आणि त्यावरच सर्वांत जास्त गल्लत होते. कक्षेतल्या बदलांमुळे पृथ्वीला वर्षभरात मिळणारं एकूण ऊन जवळपास तेवढंच राहतं. बदलते ती त्याची वाटणी, कुठल्या अक्षांशाला कुठल्या ऋतूत किती. ६५ अंश उत्तरेला उन्हाळ्याच्या उन्हात ५० वॅटहून जास्त फरक पडू शकतो. तिथला उन्हाळा मंद झाला की हिवाळ्याचा बर्फ वितळून संपत नाही, साचत जातो, पांढऱ्या पृष्ठभागामुळे आणखी ऊन परततं, थंड समुद्र जास्त कार्बन डायऑक्साइड पोटात घेतो आणि थंडी सगळ्या पृथ्वीवर पसरते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांमधून गेल्या ८ लाख वर्षांची हवा मोजता आली आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएममध्येच हेलकावे खातो. हिमयुगाचं टोक आणि उबदार काळ यांच्यातला जागतिक फरक ५-६ अंशांचाच, पण तेवढ्यात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खालीवर झाली.

'बर्फाच्या नमुन्यात आधी तापमान चढतं आणि मग कार्बन, म्हणजे कार्बन हे कारण नाहीच' असा आक्षेप हमखास येतो. पहिली ढकल कक्षेची, हे बरोबर. पण कक्षेचा आकडा एकटा एवढी तापमानवाढ घडवायला पुरत नाही. समुद्रातून सुटलेला कार्बन आणि वितळलेला बर्फ यांनी ती वाढवली. व्याज आधी मुद्दलातून येतं आणि पुढे मुद्दलातच जमा होतं, तसा कार्बन तेव्हा परिणामही होता आणि कारणही. आज तो समुद्रातून सुटत नाहीये, उलट समुद्र त्यातला सुमारे पाव हिस्सा गिळतोय.

वर्षं-दशकांचे चढउतार

हा भाग थोडक्यात. सूर्यावरच्या डागांच्या ११ वर्षांच्या चक्रात सूर्याचं तेज सुमारे ०.१ टक्का बदलतं. गोलाकार आणि परावर्तन धरून जमिनीच्या हिशेबात ते ०.२ वॅटच्या आसपास. मोठा ज्वालामुखी स्थितांबरात, म्हणजे पावसाळी ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गंधकाचे कण फेकतो आणि एक-दोन वर्षं थंडावा आणतो. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने १९९१ मध्ये पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड केली. कण खाली बसले की परिणाम संपला.

एल निनो हा बाहेरून आलेला धक्का नव्हेच. पॅसिफिक महासागरातली उष्णता पृष्ठभागावर पसरते, म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. जागतिक सरासरी त्या वर्षी ०.१-०.२ अंशाने वाढते, नंतर उतरते. पण आपल्या पावसावर त्याचा घाला मोठा. १८७७ च्या तीव्र एल निनोच्या सुमारास दख्खनने भीषण दुष्काळ सोसला. भारतीय हवामान विभागाचे प्रमुख असताना गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाची ही सीसॉ शोधली, ती पावसाचा अंदाज बांधण्याच्या धडपडीतूनच. पण दर एल निनोला दुष्काळ असं गणित नाही. १९९७ ला एल निनो प्रचंड होता आणि भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची स्थिती कधी त्याला खोडून काढते, कधी साथ देते. २०१९ मध्ये या महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार होता, आणि देशभरात सरासरीच्या ११० टक्के पाऊस पडला.

मग आत्ता काय वेगळं आहे

औद्योगिक काळापूर्वी कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर सलग मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५. आता ४२० च्या वर. माणसाने जाळलेल्या इंधनातून वर्षाला अंदाजे ३७ अब्ज टन आणि जंगलतोडीतून आणखी काही अब्ज टन हवेत जातात. १ पीपीएम म्हणजे ७.८ अब्ज टन. म्हणजे वर्षाला ५ पीपीएमच्या वर वाढ व्हायला हवी, प्रत्यक्षात होते सुमारे २.५. उरलेला निम्मा समुद्र आणि झाडं-माती घेतात. हिशेब जुळतो. ज्वालामुखींचं वार्षिक उत्सर्जन माणसाच्या एक टक्का-दीड टक्क्याच्या आतलं आहे, त्यात हा आकडा बसवता येत नाही. शिवाय कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण नेमकं त्याच दिशेने बदलतंय, आणि इंधन जाळताना जितका लागेल त्या मानाने हवेतला ऑक्सिजनही कमी होतोय.

२८० वरून ४२० पर्यंतच्या वाढीने उष्णतेचा खर्च सुमारे २.२ वॅटने आवळला गेला. शेजारी सूर्य ठेवा: १७५० पासूनचा त्याचा निव्वळ वाटा जवळपास शून्य. मिथेनचा अर्ध्या वॅटच्या आसपास. धूर आणि गंधकाच्या कणांचा सुमारे उणे १, म्हणजे तापमानवाढीचा काही भाग प्रदूषणाने झाकून ठेवलाय. हवा स्वच्छ करणं आरोग्यासाठी हवंच, पण त्याने हा झाकलेला भाग उघडा पडेल, हे धोरण ठरवताना गृहीत धरायला हवं.

'हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या पट्ट्यातले किरण आधीच पूर्ण शोषतो, आणखी घातल्याने काय होणार?' हा आक्षेप ऐकायला पटण्यासारखा आहे. जमिनीलगत ते खरंही आहे. पण पृथ्वीचा खर्च होतो तो हवेच्या वरच्या थरांतून, जिथून किरण अखेर सुटतात. वायू वाढला की ही सुटण्याची जागा आणखी वर सरकते. वर हवा जास्त थंड, थंड हवा कमी उष्णता फेकते, आणि खालच्याला तापावं लागतं. म्हणून परिणाम थांबत नाही, फक्त गुणोत्तराने चालतो: दर दुपटीला साधारण ४ वॅट. तेवढ्याने, बाकी काही न बदलता, पृथ्वी सुमारे १.२ अंशाने तापेल. पण गरम हवा दर अंशामागे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते आणि वाफ स्वतः हरितगृह वायू आहे, बर्फ घटून परावर्तन कमी होतं, ढगही बदलतात. हे सगळं धरून उत्तम अंदाज ३ अंशांचा, संभाव्य मर्यादा २.५ ते ४. ही मर्यादा रुंद राहते ती मुख्यतः ढगांमुळे.

तापमानवाढीचं कारण सूर्य असता तर स्थितांबरही तापलं असतं. ते थंड होतंय आणि खालचा थर तापतोय. ही वायूंची ओळखखूण आहे, बोटाच्या ठशासारखी.

आणि वेग. मागच्या हिमयुगातून बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएमने चढला, त्याला ६-७ हजार वर्षं लागली. आपण तेवढीच भर गेल्या जेमतेम ४० वर्षांत टाकली. जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. समुद्राचे वरचे अडीच-तीन मीटर संपूर्ण वातावरणाइतकी उष्णता धरतात, म्हणून तापमान उशिरा चढतं आणि उत्सर्जन थांबलं तरी झटकन उतरत नाही.

पुण्याचा पोटप्रश्न: स्वतः तपासायचं असेल तर

देशपातळीवरचं चित्र पाषाणच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) संपादनाखाली २०२० मध्ये आलेल्या मूल्यांकनात आहे. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने तापला. त्याच काळात जून-सप्टेंबरचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, कारण समुद्र तापल्याने आणि जमिनीवर धुरकट कणांचं सावट आल्याने दोघांतला तापमानाचा फरक कमी झाला. मध्य भारतात मात्र व्यापक अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि मुसळधार जास्त, हे परस्परविरोधी नाही.

पुण्यापुरतं पाहायचं तर शिवाजीनगरच्या हवामान विभागाच्या कार्यालयाकडून ग्रिड स्वरूपातली, म्हणजे नकाशाच्या चौकटी पाडून दिलेली, माहिती मोफत उतरवता येते: पाऊस ०.२५ अंशाच्या चौकटीत १९०१ पासून, कमाल-किमान तापमान १ अंशाच्या चौकटीत १९५१ पासून. नवखे लोक जिथे चुकतात त्या जागा या:

पावसात -९९९ आणि तापमानात ९९.९ म्हणजे 'नोंद नाही'. हे आधी काढून टाका. मे महिन्याची सरासरी ४५ च्या वर आली तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

पुण्यासाठी १८.५ उत्तर आणि ७३.७५ पूर्व ही चौकट लागते. शेजारची ७३.५ घेतलीत तर घाटाचा पाऊस हाती येईल. एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची, त्यामुळे वर सांगितलेल्या तीव्र उतारावर ती मुळशीकडचं आणि शहरातलं एकत्र करते. तिचा आकडा शिवाजीनगरच्या पर्जन्यमापकाशी जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही.

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आणणारा पाऊस नोंदीत २६ तारखेला सापडतो. वर्तमानपत्राची तारीख आणि नोंदीची तारीख जुळवताना हे लक्षात ठेवा.

तापमानासाठी चौकटीऐवजी थेट केंद्राच्या नोंदी घेत असाल तर मधेच केंद्र बदलू नका. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव आणि मगरपट्टा यांत एकाच रात्री किमान तापमानात कित्येक अंशांचा फरक असतो. जुन्या वर्षांना शिवाजीनगर आणि नव्या वर्षांना मगरपट्टा घेतलं, तर शहर तापल्याचा सुंदर आणि संपूर्ण खोटा आलेख निघेल. गच्चीवर बसवलेल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा तर सिमेंटच्या स्लॅबचाच असतो.

प्रत्यक्ष तापमानाऐवजी १९९१-२०२० च्या त्या-त्या महिन्याच्या सरासरीपासूनचा फरक काढा. कमाल आणि किमान वेगळे ठेवा. सिमेंट, डांबर आणि आटलेले ओढे यांचा परिणाम मुख्यतः किमान तापमानावर, म्हणजे रात्रीवर पडतो. तो वजा करायचा सोपा मार्ग म्हणजे हीच प्रक्रिया शहरापासून दूरच्या एखाद्या ग्रामीण केंद्रावर पुन्हा करून पाहणं. दोन्हीकडे सारखा दिसणारा चढ हा हवामानाचा, शहरात जास्तीचा दिसणारा चढ शहराचा. जगाची तापमानवाढ केवळ शहरांची करणी नाही हे तपासायलाही हाच न्याय: अरबी समुद्रावर एकही इमारत नाही आणि तोही तापतोय.

शेवटी आलेखाची सुरुवात बदलून पाहा. १९५१, १९६१, १९७१ अशी सुरुवातीची वर्षं घेऊन आलेखाचा सरासरी चढ किंवा उतार तीनदा काढा. तिन्ही वेळा चिन्ह (अधिक किंवा उणे) तेच राहिलं तर त्यावर बोलावं. पावसाच्या बाबतीत पुण्यासारख्या एका ठिकाणी ते बऱ्याचदा राहत नाही, कारण एका वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा फरक फार मोठा असतो. तिथे एकूण पावसापेक्षा कोरडे दिवस किती आणि एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा, हे मोजणं जास्त काही सांगून जातं.